जवानाच्या घरात अचानक दवाखाना निघाला, तर पैसे आधी कुठे मागायचे?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. भाऊ सैन्यात नायक (हवालदाराच्या खालचा हुद्दा) आहे, पोस्टिंग अरुणाचलात. वडिलांना अर्धांगाचा झटका आलाय, जळगावच्या खासगी दवाखान्यात आयसीयूत आहेत, काउंटरवर डिपॉझिट मागताहेत आणि भावाची रजा अजून मंजूर नाही. त्यावर आधीच्या एका उत्तरात कुणीतरी लिहिलंय, "जिल्हा सैनिक बोर्डात जा, लगेच लाख रुपये मिळतात." आधी तेवढं खोडून काढतो, नाहीतर त्या नादात तुमचे दोन दिवस जातील.

तो लाखाचा आकडा केंद्रीय सैनिक बोर्डाच्या विवाह अनुदानाचा आहे. आधी 50 हजार होतं, 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 1 लाख झालं. ते माजी सैनिकांच्या मुलींसाठी, तेही हवालदारपर्यंतच्या हुद्द्याला आणि दोन मुलींपुरतं. त्याच निर्णयात पेन्शन नसलेल्या 65 वर्षांवरच्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची महिन्याची मदत 4 हजारांवरून 8 हजार झाली. योजना चांगल्याच आहेत. पण अर्ज ऑनलाइन भरायचा, जिल्ह्यात कागद तपासायचे, तिथून पुणे, पुण्याहून दिल्ली, मग खात्यात पैसे. आयसीयूचं बिल तोवर थांबत नाही. शिवाय तुमचा भाऊ अजून नोकरीत आहे, म्हणजे ही दारं त्याची नव्हेतच.

नोकरीतल्या जवानाला तातडीचा पैसा मिळतो तो युनिटमधून. मी क्लार्क म्हणून नोकरी केली, असे अर्ज रोज टेबलावर यायचे. भावाने आजच कंपनीच्या सुभेदार साहेबांमार्फत सीओंची (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरची) इंटरव्ह्यू, म्हणजे भेट, मागावी. रेजिमेंटल फंडातून, म्हणजे युनिटच्या स्वतःच्या निधीतून, उसने पैसे द्यायचे की नाही, हे सीओ तिथल्या तिथे ठरवू शकतात. दुसरा पैसा त्याचा स्वतःचाच आहे: एएफपीपी फंड, म्हणजे जवानांचा पीएफ. दर महिन्याला पगारातून कापला जातो, शिल्लक पे स्लिपवर दिसते. घरच्यांच्या आजारपणासाठी त्यातून अ‍ॅडव्हान्स निघतो, पुढे हप्त्याने कापून घेतात. अर्ज युनिटमधून पीएओला (पगाराचा हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयाला) जातो, म्हणून थोडे दिवस लागतात. पण आजच टाकला तर डिस्चार्जच्या बिलाला उपयोगी पडेल. (भाऊ अग्निवीर असता तर ही वाट नसती. त्यांना पीएफ नाही आणि सेवा निधी (नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम) चार वर्षांआधी स्वतःहून मागता येत नाही.)

अडचण बहुतेक वेळा पैशाची नसते, निरोपाची असते. आपल्याकडे घरात म्हातारी माणसं म्हणतात, "त्याले काही सांगू नको, तो तठे काळजी करत बशी." मग जवानाला अर्धवट कळतं, तो साहेबांना अर्धवट सांगतो आणि रजेच्या अर्जावर नुसतं "वडील आजारी" एवढंच येतं. असे अर्ज ढिगाने येतात हो. त्याऐवजी दवाखान्याच्या लेटरहेडवर डॉक्टरांकडून चार ओळी लिहून घ्या: रुग्णाचं नाव, निदान, भरतीची तारीख, प्रकृती गंभीर असल्याचा स्पष्ट उल्लेख, खर्चाचा अंदाज, सही-शिक्का. फोटो काढून भावाला पाठवा. तो कागद सीओंच्या टेबलावर गेला की रजा आणि पैसा, दोन्ही विषय एकाच वेळी हलतात.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा (त्यालाच लोक जिल्हा सैनिक बोर्ड म्हणतात) उपयोग इथे आहे. युनिटला खात्री करायची असली तर ते तिथूनच अहवाल मागवतात. कार्यालयात जाऊन कल्याण संघटकांना भेटा, भावाचा नंबर, रँक, युनिट आणि डॉक्टरांचा कागद द्या. तिथल्या कोणत्याही अर्जाला पैसे लागत नाहीत. बाहेर टपरीवर बसून "मंजूर करून आणतो, टक्का द्या" म्हणणारा भेटला तर चहासुद्धा पाजू नका.

आता दवाखान्याचं. काउंटरवर आरोग्यमित्र, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचा दवाखान्यातला मदतनीस, कुठे बसतो ते विचारा आणि रेशन कार्ड, आधार घेऊन जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत. ती फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची, फौजीच्या घरची नव्हे, असा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. आता पांढरं कार्डही चालतं. मात्र दवाखाना योजनेत असायला हवा आणि आजार यादीत.

वडिलांचं नाव भावाच्या कागदांवर आश्रित म्हणून लागलंय का, म्हणजे पार्ट टू ऑर्डर झालीय का, हेही विचारा. झाली असेल तर त्यांना मिलिटरी हॉस्पिटलचा हक्क आहे. जळगावहून देवळाली किंवा संभाजीनगर. तब्येत हलवण्याजोगी नसेल तर हलवू नका. पण खासगीत तातडीने भरती केल्याचं जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला लगेच कळवा, युनिटकडूनही कळवायला लावा आणि औषधाच्या प्रत्येक बिलाचा मूळ कागद जपा. परताव्याची केस पुढे त्यावरच उभी राहते.

घरात कुणी पेन्शनर असलेल्यांसाठी जाता जाता: ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल आणि पॅनेलबाहेरच्या दवाखान्यात भरती करावं लागलं, तर 48 तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा. हे राहिलं की पुढे बिलाला फाटे फुटतात.

आणि आज संध्याकाळच्या डिपॉझिटचं काय? खरं सांगायचं तर ते तुम्हालाच उभं करावं लागेल. दागिने असतील तर बँकेत सोनेतारण करा. कागद लवकर होतात आणि सावकाराच्या महिन्याच्या टक्क्यापेक्षा व्याज कितीतरी कमी. केळीच्या व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे आज सुटतील या भरवशावर राहू नका. युनिटचा पैसा आला की आधी दागिने सोडवा.

एक राहिलं. प्रश्नात तुम्ही भावाच्या युनिटचं नाव आणि ठिकाण लिहिलंय, ते आत्ताच काढून टाका.