स्टॉकहोमहून फेरीने ओलंड बेटांवर जायचंय, आईबाबा सोबत आहेत, कसं प्लॅन करावं?

तुम्ही विचारलंय की जुलैत आईबाबा पुण्याहून स्टॉकहोमला येतायत, त्यांना घेऊन ओलंडला बोटीने जायचं मनात आहे, पण साइटवर इतक्या बोटी आणि इतक्या वेळा दिसतायत की काही कळेना, शिवाय आईला बोट लागते, आणि एका दिवसात जाऊन येता येईल का की राहावं लागेल. मी फिनलंडमधल्या तुर्कू शहरात राहतो, म्हणजे तुम्ही ज्या बोटी बघताय त्यांच्या दुसऱ्या टोकाला, आणि घरी कुणी पाहुणे आले की त्यांना ओलंडला नेणं हे आता माझं ठरलेलं काम झालंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर: राहा. दोन रात्री तरी राहा. आणि मोठ्या बोटीवरून उतरा. हे दुसरं वाक्य गंमत म्हणून लिहिलेलं नाही, कारण त्या बोटीवरचे बहुतेक लोक ओलंडला उतरतच नाहीत.

आता हे असं का, ते समजलं की साइटवरचा सगळा गोंधळ आपोआप सुटतो. ओलंड हा फिनलंडचा भाग, पण स्वायत्त, आणि भाषा स्वीडिश. 1995 ला फिनलंड युरोपियन युनियनमध्ये गेला तेव्हा ओलंडने आपल्यासाठी एक सूट मागून घेतली की आम्ही युनियनमध्ये येऊ पण तुमच्या व्हॅटच्या हद्दीत येणार नाही. पुढे 1 जुलै 1999 पासून युनियनमधल्या देशांच्या आपसातल्या प्रवासावरचं ड्यूटी फ्री बंद झालं, विमानात पण आणि बोटीवर पण. पण बोट जर मधे ओलंडला टेकली तर ती करहद्दीच्या बाहेर जाऊन आली असं धरतात, आणि दुकान चालू ठेवता येतं. म्हणून स्टॉकहोम-हेलसिंकी आणि स्टॉकहोम-तुर्कू या मोठ्या बोटी मधे ओलंडला थांबतात, काही तर पहाटे चारच्या सुमाराला, ओलंडची राजधानी मारिएहाम्नला नाहीतर लोंगनेस नावाच्या धक्क्यावर, जिथे आजूबाजूला झाडं आणि पार्किंग सोडून फारसं काही नाही. दोर टाकला, दार उघडलं, दोनचार ट्रक आणि मूठभर माणसं उतरली की दार बंद, बोट पुढे. वर केबिनमध्ये दोन अडीच हजार लोक झोपलेले असतात, त्यांना पत्ताही नसतो. तिकीट कधीकधी इतकं स्वस्त का दिसतं तेही यातच आलं, कंपनीची कमाई तिकिटापेक्षा दुकानात, बुफेत आणि बारमध्ये जास्त असते. ट्रॉलीवर बिअरचे क्रेट रचून दोरीने बांधून नेणारे आजोबा दिसतील, ते ओलंड बघायला आलेले नसतात.

तर तिकीट काढताना पहिली गोष्ट ही बघा की ते "क्रूझ" आहे की "रूट" प्रवास. क्रूझ म्हणजे त्याच बोटीने जाऊन त्याच बोटीने परत, त्यात उतरून राहता येत नाही. तुम्हाला रूट प्रवास हवाय, मारिएहाम्नपर्यंत, आणि परतीचा वेगळ्या दिवशी.

दुसरी गोष्ट, वेळ बघा. रात्रीची बोट घेतलीत तर आईबाबांना पहाटे चारला उठवून बॅगा ओढत उतरवावं लागेल आणि त्या वेळी मारिएहाम्नमध्ये चहासुद्धा मिळणार नाही. स्टॉकहोमहून सकाळी तुर्कूकडे निघणारी वायकिंग लाइनची बोट घ्या, लाल रंगाच्या बोटी असतात त्यांच्या, ती दुपारी मारिएहाम्नला पोचते. हिचा धक्का स्टॉकहोमच्या सोदरमाल्म भागात, स्टॅड्सगोर्डेनला आहे, जुन्या शहरापासून चालत जाण्यासारखा. सिल्या या दुसऱ्या कंपनीच्या बोटींचं टर्मिनल वेगळ्याच बाजूला, वार्ताहाम्नेनला. तिकिटावर कुठलं लिहिलंय ते आदल्या रात्री नीट वाचा. आणि ओलंडचं घड्याळ फिनलंडचं आहे, स्वीडनच्या एक तास पुढे. वेळापत्रकात पोचायची वेळ तिथल्या घड्याळाने असते, परतीची निघायची वेळही तिथल्याच. मोबाइल स्वतः बदलतो, बाबांचं हातातलं घड्याळ बदलत नाही.

सकाळच्या बोटीचा खरा फायदा म्हणजे निघाल्यापासूनचे काही तास. स्टॉकहोमसमोर सुमारे तीस हजार बेटं आणि खडक आहेत आणि एवढी दहा बारा मजली बोट त्यांच्यातून वाट काढत जाते, इतकी जवळून की काठावरच्या घरात कुणी कॉफी पितंय, कुत्रा धक्क्यावरून भुंकतोय, दोरीवर टॉवेल वाळतायत, हे सगळं वरच्या डेकवरून दिसतं. आईबाबांना खिडकीपाशी खुर्ची पकडून द्या आणि दुकानात वगैरे नंतर जा. वारा मात्र जुलैतही बोचरा, विंडचीटर लागेलच. मग बेटं विरळ होतात आणि ओलंडचा समुद्र लागतो, साधारण चाळीस किलोमीटरचा उघडा पट्टा. आईला काही झालं तर इथेच होईल. पण खरं सांगायचं तर जुलैत त्या मोठ्या बोटीवर बऱ्याचदा बोट चालू आहे हेही कळत नाही, नोव्हेंबरातल्या वादळाची गोष्ट वेगळी. तरी त्रास होतोच असं असेल तर मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसवा, तिथे हलणं कमी असतं, आणि ॲव्होमिन घ्यायची असेल तर निघायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो.

मारिएहाम्न जवळ आलं की डाव्याउजव्या बाजूला लक्ष ठेवा, एका बोडक्या तांबूस खडकावर जुनं पायलट स्टेशन दिसतं, कोब्बा क्लिन्टार, पूर्वी जहाजांना वाट दाखवणारे पायलट तिथे मुक्कामाला असायचे. तो तांबूस रंग पुढे सगळीकडे भेटणार आहे. तिथला ग्रॅनाइटच लाल, त्याचीच खडी रस्त्याला, त्यामुळे रस्ते चक्क गुलाबी लालसर.

जवळच्या वाटेने जायचं असेल तर दुसरा पर्याय ग्रिस्लेहाम्न ते एकेरो, दोनेक तासांची बोट, स्टॉकहोमहून जोड बस मिळते. ज्यांना बोट लागते त्यांना हे सोयीचं वाटतं, पण बेटांतून जाण्याची मजा यात नाही, सरळ उघडा समुद्र. एकेरोला उतरल्यावर मात्र एक चीज आहे, एका छोट्या गावात अवाढव्य पोस्ट आणि कस्टमची इमारत, 1828 ची, हेलसिंकीचा मुख्य चौक ज्याने उभा केला त्या एंगेलने आखलेली. तेव्हा ओलंड रशियाच्या झारकडे होतं आणि ही त्याच्या साम्राज्याची पश्चिम टोकाची वेस, स्वीडनहून येणाऱ्याला दरारा वाटावा म्हणून एवढी मोठी. त्याच्याही आधी, 1638 पासून, या समुद्रातून टपाल न्यायचं काम काठच्या शेतकऱ्यांवर लादलेलं होतं, उघड्या होडीत, वल्ही मारत, बर्फ अर्धवट गोठलेला असेल तेव्हा होडी बर्फावरून ओढत. कितीतरी जण बुडाले.

आता मुक्कामाचं. बहुतेक ब्लॉग मारिएहाम्न, कास्टेलहोल्मचा किल्ला, बोमारसुंद, संपलं, असं सांगतात. ते बघाच, वाईट काहीच नाही. टर्मिनलच्या शेजारीच पोमर्न हे चार डोलकाठ्यांचं जहाज उभं आहे, 1903 चं, ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गहू आणायचं, इंजिन नाही, निव्वळ शिडावर. बाबांना इंजिनिअरिंगची आवड असेल तर दोन तास गेले समजा. बोमारसुंद म्हणजे रशियाने बांधायला घेतलेला प्रचंड किल्ला, पुरा व्हायच्या आतच 1854 मध्ये इंग्रज-फ्रेंचांनी पाडला, आताचा डांबरी रस्ता त्याच्या पडक्या भिंतींच्या मधूनच जातो. क्रिमियन युद्धाचा तह 1856 ला झाला तेव्हा ठरलं की या बेटांवर लष्कर ठेवायचं नाही, ते अजून पाळलं जातंय.

पण माझं ऐकाल तर एक पूर्ण दिवस छोट्या फेरीबोटींना द्या. ओलंड म्हणजे एक बेट नाही, नाव असलेली बेटंच सहा हजारांच्या वर आहेत, वस्ती साठेक बेटांवर, आणि निम्म्याहून जास्त मजा पूर्वेकडच्या त्या विखुरलेल्या बेटांत आहे. तिथे सरकारी फेऱ्या जातात, ओलंड्सट्राफिकेनच्या. हुम्मेलवीकहून कुमलिंगे आणि ब्रेंडोकडे, लोंगनेसहून सोटुंगा आणि चोकारकडे (स्पेलिंग के-ने सुरू होतं, शोधताना लक्षात असू द्या), आणि सगळ्यात सोपी म्हणजे स्वीनो ते देगेरबी, फोग्लो बेटावर जाणारी, अर्ध्या तासाची. दाभोळ-धोपावे जेट्टीवर जसं गाडी लावून उभं राहायचं, शिपाई हात करेल तसं आत घ्यायचं, तसंच इथे, फक्त कुणी हॉर्न वाजवत नाही. धक्क्यावर लेन आखलेल्या असतात, कुठल्या बेटावर उतरणार त्याप्रमाणे लेन, कारण शेवटी उतरणारा पुढे उभा राहिला तर मधल्या बेटावरचा माणूस अडकतो. डेकवरचा माणूस तुम्हाला तोंडाने विचारतो, "सोटुंगा? चोकार?" आणि बोटाने जागा दाखवतो, दोन गाड्यांत हात जाईल न जाईल एवढं अंतर. वर गेलं की छोटा सलून, कॉफी, आणि तिथे सगळे एकमेकांना ओळखणारे, शाळेची पोरं, वाणसामान घेऊन चाललेल्या बायका, ट्रॅक्टरचा टायर आणायला गेलेला कुणी. ड्यूटी फ्री वगैरे काही नाही, ही खरी त्यांची एसटी. सोटुंगा तर फिनलंडमधली लोकसंख्येने सगळ्यात लहान नगरपालिका, शंभरेक माणसं. चोकार सगळ्यात बाहेरचं, जवळजवळ झाडं नसलेलं, खडक आणि गवत, जुन्या फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष. लोंगनेसहून अडीचेक तास लागतात, म्हणून तिथे जायचं तर मुक्कामच ठेवा, आईबाबांसोबत मी फोग्लोच सुचवेन, सकाळी जाऊन दुपारी परत.

या छोट्या फेऱ्यांचं एक लक्षात ठेवा, काही थांब्यांवर आधी कळवलं असेल तरच बोट थांबते, आणि उन्हाळ्यात लांबच्या रूटवर गाडी न्यायची असेल तर जागा आधी बुक करावी लागते, आयत्या वेळी धक्क्यावर पोचून चालत नाही. भाड्याचे नियम बदलत असतात, साइटवर त्याच आठवड्यात बघा. बसेस आहेत पण कमी, शनिवार-रविवारी तर फारच कमी, म्हणून आईबाबा असताना मारिएहाम्नमध्ये गाडी भाड्याने घ्याच.

खाण्याचं. तुम्ही लिहिलं नाहीये पण शाकाहारी असतील असं धरतो. बोटीवरचा बुफे म्हणजे मुख्यत्वे हेरिंग, सॅमन, कोळंबी, पण उकडलेले नवे बटाटे, सॅलड, चीज, ब्रेड आणि गोडाचं टेबल एवढ्यावर पोट भरतं, आधी बुक केला तर स्वस्त पडतो. तरी दशम्या आणि चटणी डब्यात असू द्या. ओलंडला गेल्यावर ओलंडचा पॅनकेक खायला घाला, पॅनकेक म्हणजे पातळ धिरडं नाही, रव्याच्या किंवा भाताच्या लापशीचा ओव्हनमध्ये भाजलेला जाड चौकोनी तुकडा, त्यात चक्क वेलची, वर सुकवलेल्या प्लमचा मुरंबा आणि फेटलेली साय. अंडं असतं त्यात, ते आईला आधीच सांगा. माझ्या सासूबाईंनी पहिला घास घेतल्यावर "हा तर आपला शिराच" असं म्हणून दुसरा मागवला होता.

कागदपत्रांचं, शेंगेन व्हिसा चालतो, वेगळं काही लागत नाही, पण पासपोर्ट मूळ जवळ ठेवा, फोटो नको. ओलंडहून परत येताना बाटल्या, सिगारेटी किती आणता येतात यावर मर्यादा आहे, करहद्द ओलांडता ना तुम्ही. चलन युरो, स्वीडिश क्रोना काही ठिकाणी घेतात पण कार्डाने सगळं होतं. भाषेचं म्हणाल तर तुमची मोडकी स्वीडिश इथे चालेल, मी इतकी वर्षं घाम गाळून शिकलेली फिनिश तिथे काढली की दुकानदार सरळ इंग्लिशवर येतो. आणि हॉटेल बुक करताना नकाशा उघडून बघा, स्वीडनमध्ये काल्मारजवळ जवळजवळ याच स्पेलिंगचं दुसरं बेट आहे, पूल ओलांडून जातात तिथे, सर्चमध्ये दोन्ही एकत्र येतात.

जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतच सगळं नीट उघडं असतं, त्यामुळे जुलै बरोबर आहे, पण म्हणूनच हॉटेलं भरतात, ती आत्ताच घ्या, बोट नंतर घेतलीत तरी चालेल. आणि एखादा दिवस जास्त असेल तर परत स्टॉकहोमला न जाता पुढे तुर्कूकडे या, ब्रेंडोहून ओवा-कुस्तावी फेरीने, किंवा चोकारहून कोर्पोला आणि तिथून नागू, पार्गास करत. त्या बाजूला रस्त्याच्या मधे येणाऱ्या पिवळ्या फेऱ्या फुकट आहेत, रस्त्याचाच भाग धरतात त्यांना, गाडीतून उतरायचीही गरज नाही. भाड्याची गाडी मात्र दुसऱ्या गावी सोडता येते का ते आधी विचारून घ्या, बरेचदा नाही म्हणतात.