पोहता येत नाही तरी स्कूबा चालेल, सर्फिंग मात्र दोन दिवसांत नाही

तारकर्लीला चौघं चाललाय, पोहता कोणालाच येत नाही. आणि तिथे जो तो स्कूबा नाहीतर पॅरासेलिंगच का करतो, सर्फिंग का नाही, असं विचारलंयत.

पोहण्यापेक्षा पाण्यात कष्ट कोणी करायचे, यावर हे ठरतं. पॅरासेलिंग (बोटीमागे पॅराशूटला लटकणं) आणि बनाना राइड (बोटीमागे ओढलेल्या लांबट फुग्यावर बसणं) यांत सगळं बोटवाला करतो. तुम्ही लाइफ जॅकेट घालून बसायचं, दहा मिनिटांत फोटोसकट मोकळे. (बनाना राइडवाले मुद्दाम पाण्यात पाडतात. नाकातोंडात खारं पाणी गेलं की मला तरी त्यात मजा वाटत नाही.)

स्कूबा, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं, दिसायला सगळ्यात अवघड. पण मालवणात पर्यटकांना जी डाइव्ह देतात, तिच्यात डाइव्हर तुम्हाला धरूनच असतो. किती खोल जायचं, कुठे वळायचं, ते तो बघतो. तुम्ही तोंडाने श्वास घ्यायचा आणि कान सांभाळायचे. मास्कमध्ये नाक बंद होतं, म्हणून सुरुवातीला जीव घाबरा होतो. ते बोटीला धरूनच होऊन जाऊ द्या, श्वास लयीत आला की मगच खाली चला. कानांना दडे पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच बसतात. पाण्याचा दाब 10 मीटरवर वरच्यापेक्षा दुप्पट होतो आणि कानातली हवा सगळ्यात झपाट्याने आकसते ती वरच्याच थरात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, तेही दुखायच्या आधी. दुखायला लागलं तर जोर न लावता थोडं वर यायचं. आणि खूश होऊन अंगठा दाखवू नका, डाइव्हर तुम्हाला वर घेऊन येईल! ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा.

स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं, सोपं समजून लोक जातात. पण तोंड लाटेच्या पातळीवर, नळीत पाणी शिरतं, आणि नेमकं तेव्हा हात धरायला कोणी असेलच असं नाही. न पोहणाऱ्याला मी आधी स्कूबाच सांगेन.

सर्फिंगचा बोर्ड वेगात असला तरच स्थिर राहतो. लाट हेरायची, हातांनी पाणी मारत तिच्यापुढे राहायचं, नेमक्या क्षणी उठायचं, सगळं तुमचं तुम्ही. तासभरात खांदे भरून येतात आणि उभं राहायला मिळतं काही सेकंद. शिकायचंच असेल तर आधी थोडं पोहायला शिका आणि मंगळूरजवळ मुल्कीला सवडीने जा.

हाताने काही करायची हौस असेल तर कर्लीच्या खाडीत, जॅकेट घालून, रुंद बुडाची कयाक घ्या. ओहोटीची वेळ तेवढी विचारून घ्या. मुंबईकडून गाडीने जाणार असाल तर वाटेत कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग आहे. भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून पाणी सोडतात त्यावर ते चालतं, म्हणून सकाळीच पोहोचावं लागतं.

सर्दी असेल तर स्कूबा रद्द करा. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. परतीचं विमान गोव्यातल्या मोपाहून असेल तर डाइव्हनंतर किमान 12 तास जाऊ द्या, म्हणजे स्कूबा पहिल्याच दिवशी उरका.