शेल पुरेल, पण छताचं काय?

प्रश्न: मकरपुऱ्यात आमचं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. 10 मीटर व्यास, 9 मीटर उंचीची पाण्याची टाकी, वर 10 किलोपास्कल नायट्रोजन. 6 एमएम जाडीचं शेल (टाकीची उभी भिंत) चालेल का?
– एक वाचक, बडोदा

उत्तर: दाबाला चालेल हो. एपीआय 650 च्या (स्टीलच्या साठवण टाक्यांचं अमेरिकन मानक) सूत्राने, प्लेटला 160 एमपीए (मेगापास्कल) स्ट्रेस चालतो असं धरून खालच्या कोर्सला, म्हणजे शेलच्या सर्वात खालच्या प्लेटच्या थराला, जेमतेम 2.7 एमएम जाडी लागते, गॅसच्या दाबाबद्दल आणखी एक मीटर पाणी धरा तरी 3 च्या आसपास, त्यात करोजन अलाउन्स (गंजासाठी ठेवलेली जादा जाडी) मिळवा. पण खरी काळजी वरची आहे, तोच गॅस छताला 80 टनांच्या जोराने वर ढकलतो आणि तुमची रिकामी टाकी असेल 20-25 टनांची, म्हणून टाकीला फाउंडेशनला धरून ठेवणारे अँकर बोल्ट, फाउंडेशन आणि छत-शेलचा जोड आधी तपासा, प्लेटची ऑर्डर नंतर द्या. आत दाब पडला की हवा घेणारा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह तर लावाच, नाहीतर पंपाने उपसताना शेल आत पिचकतं.