गाडीचा ‘फट्’ आणि पॉलिसीचा हप्ता

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ४४, हातात पगार ९५ हजार. दोन वर्षांपूर्वी त्यांनी २०१२ सालची जर्मन पेट्रोल सेडान साडेसहा लाखांना सेकंडहँड घेतली. त्यातले ५ लाख १४ टक्क्यांचं पर्सनल लोन. आता अधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून ‘फट्’ असा आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन खोलावं लागेल, १ लाख ९० हजार. प्रश्न असा: क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर हे काम करून घ्यावं, की जुन्या गाड्यांचा दलाल आहे त्या अवस्थेत पावणेतीन लाख देतोय ते घ्यावेत?

आधी गाडी. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) न लावता इंजिन खोलायला निघालेल्या गॅरेजला १ लाख ९० हजार देऊ नका. दुसरीकडे हजार-दीड हजारात स्कॅन करून घ्या. पी ०३०२ असा कोड आला तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर आहे, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. मग मेकॅनिकला त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तिसऱ्यावर लावायला सांगा. कोड पी ०३०३ झाला, की दोष कॉइलचा. नाही झाला तर प्लग, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) तपासायचा. मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असल्याचा कोड असेल तर व्हॅक्यूमचे पाइप चिरलेत का, हे धूर सोडून बघतात. एक्झॉस्टचं गॅस्केट गळत असलं तरी असाच आवाज येतो. यातलं बरंचसं २५-३० हजारांत आटपतं. मात्र आवाज महिनोन्‌महिने ऐकत बसू नका. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो गेला की खरंच लाखाची भाषा सुरू होते.

दुरुस्त करा आणि विका. चालती गाडी साडेतीनपर्यंत जावी. तुमचं कर्ज अजून सुमारे ३ लाख ४० हजार आहे, म्हणजे दलालाच्या भावात गाडी विकून ते फिटतही नाही. पुढच्या वर्षी नोंदणीची १५ वर्षं संपतील, मग फिटनेस, नूतनीकरण, पर्यावरण कर. ऑफिसला दुचाकीवरच जातो, असं तुम्हीच लिहिलंय.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: “मुलीच्या कॉलेजची चिंता नाही, त्यासाठी गॅरंटीड पॉलिसी आहे.” एफडी मोडायला बँकेत गेलात आणि ही पॉलिसी घेऊन आलात. वर्षाला २ लाख, १० वर्षं, आणि पंधराव्या वर्षाअखेर ३० लाख. तीन हप्ते भरून झालेत. मुलगी आता दहावीत आहे.

पैसे हातात येतील तेव्हा ती २७ वर्षांची असेल, साहेब!

विकणाऱ्याने ‘दीडपट, तेही टॅक्स फ्री’ सांगितलं आणि तुम्ही वर्षं मोजलीच नाहीत. २० लाखांचे ३० लाख पंधरा वर्षांत म्हणजे वर्षाला चार टक्केसुद्धा नाहीत. पीपीएफ ७.१ देतो. आणि तुम्ही त्याच वेळी गाडीच्या कर्जावर १४ भरताय. १४ ने आणून ४ ने लावायचे, हा धंदा कोणत्या किराणावाल्याने केला असता? वर विमा किती, तर २० लाख. तुमच्या दोन वर्षांच्या पगाराइतकाही नाही.

आता इथून पुढचा हिशेब मात्र जरा वेगळा आहे, कारण गेलेले ६ लाख गेले. तिसऱ्या वर्षात सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच परत केली, तर भरलेल्याच्या ३५ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार तरी मिळायला हवेत. कंपनी स्वतःच्या हिशेबाने काढते ती स्पेशल सरेंडर व्हॅल्यू त्याहून जास्त असू शकते. अडीच लाख धरू. ते न घेता उरलेले १४ लाख भरत राहिलात, तर पुढचा परतावा साडेसहाच्या आसपास पडतो. म्हणजे पॉलिसी आज पहिल्या दिवसाइतकी वाईट नाही. तरी १४ टक्क्यांच्या कर्जापुढे ती हरतेच, आणि मुलीच्या प्रवेशाला उपयोगी पडत नाही ती नाहीच. कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता मुदतीअखेर जी कमी रक्कम मिळेल ती) असे दोन्ही आकडे लेखी मागवा. अडीचच्या आसपास मिळत असतील तर घ्या आणि कर्जात घाला. कर्ज मुदतीआधी फेडण्याचा, म्हणजे प्रीपेमेंटचा, दंड किती तेवढं बँकेला विचारा. उरलेलं कर्ज गाडीच्या पैशातून सुटेल, वर दोन-अडीच लाख हातात राहतील. ते अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा, त्याला हात नको.

मग हप्त्याचे ११,६०० आणि पॉलिसीचे महिन्याला १६,७०० मोकळे होतात. २८ हजार. त्यातून आधी १ कोटीचा टर्म विमा, तुमच्या वयाला वर्षाला ढोबळ ३०-४० हजार. बाकीचं आरडीत. बारावीपर्यंत सहा लाखांच्या आसपास जमतील. दोन वर्षांसाठीचे पैसे शेअर बाजारात घालू नका.

पुढचा हप्ता मार्चमध्ये आहे. निर्णयाला ३० दिवसांची सवलत मिळेल, पण खात्यावरचा ऑटो-डेबिट आजच बंद करा.