आपण त्याला जगवतोय की ओढतोय?

मीनाताई (नाव आणि तपशील बदलले आहेत) माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या तेव्हा बंड्याची केमो सुरू होऊन महिना होत आला होता. बंड्या म्हणजे पुण्यात सहकारनगरातल्या त्यांच्या घरचा आठ वर्षांचा लॅब्रॅडोर. जबड्याखाली लिंबाएवढ्या गाठी लागल्या, सुईने नमुना घेतला, लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, निघाला. खुर्चीत टेकत नाहीत तोच त्यांनी विचारलं, "आम्ही त्याला जगवतोय, की आमच्यासाठी ओढतोय?"

आजारी प्राण्याची सेवा करणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न पोखरत असतो. त्यात घरातले भर घालतात. बंगळुरूचा मुलगा म्हणत होता, पैशांचं बघू नकोस, सगळं कर. यजमान म्हणत होते, "मुका जीव तो, कशासाठी टोचतात हे त्याला काय कळणार?" शेजारच्या काकूंनी तर "कुत्र्यावर एवढा खर्च?" असं तोंडावर विचारलं. या सगळ्यांना उत्तरं देऊन थकलेल्या मीनाताई रात्री बंड्याच्या पोटावर हात ठेवून जाग्या राहायच्या.

बोलता बोलता लक्षात आलं, की त्यांच्या डोळ्यांपुढे वडिलांची केमो होती. गेलेले केस, उलट्या, शेवटचा अतिदक्षता विभाग. मी पशुवैद्य नाही. म्हणून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आम्ही दोघींनी मिळून लिहिले आणि त्या उत्तरं घेऊन आल्या. कुत्र्यांच्या केमोत भर असतो तो चांगले दिवस मिळवून देण्यावर, त्यामुळे डोस माणसांच्या मानाने सौम्य. लॅब्रॅडोरचे केस सहसा गळत नाहीत. एखाद-दोन दिवस उलट्या-जुलाब होऊ शकतात. औषधानंतर आठवड्याभराने पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा ताप आला किंवा तो मलूल दिसला तर लगेच फोन करायचा. औषध दिल्यावर पुढचे काही दिवस लघवी-उलटी पुसताना हातमोजे घालायचे. उपचार न केल्यास बहुधा महिना-दीड महिना, केल्यास अनेकदा वर्षभर. आणि आजार बहुतेक वेळा उलटतो, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "कळल्यावर भीती कमी झाली, दुःख नाही कमी झालं." ते व्हायलाही नको होतं.

मूळ प्रश्न मात्र तसाच होता. आपला हेतू स्वार्थी आहे का, हे स्वतःचं मन उकरून कधीच कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. बघायचं बंड्याकडे. त्याच्या जिवाच्या तीन गोष्टी मी विचारल्या. तळजाईच्या टेकडीवर जाणं, दारातला पेपर तोंडात धरून आणणं आणि पोळपाटाचा आवाज आला की पहिल्या पोळीसाठी ओट्यापाशी हजर होणं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी, रोज रात्री या तिन्हींची खूण करायची ठरली. ते काम मी मुद्दाम यजमानांकडे दिलं. विरोध करणारा माणूस नुसता बाजूला बसला की घर दुभंगतं.

दर रविवारी दोघं अमेरिकन पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टीही भरत. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाइटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण. बेरीज 35 च्या वर असेल तर जगणं ठीक मानतात. कुठे थांबायचं हेही तेव्हाच लिहून ठेवायला लावलं, बंड्या टेकडीवर धावत होता तेव्हा. ऐन वेळी डोकं चालत नाही.

गाठी विरल्या. पावसाळा आणि दिवाळी छान गेली. उन्हाळ्यात आजार उलटला. पुन्हा केमो नको, नुसत्या स्टेरॉइडच्या गोळ्या द्यायच्या, हे यावेळी दोघांनी एका बैठकीत ठरवलं. पेपर बंद झाला, मग टेकडी. ज्या आठवड्यात पोळीही तशीच पडून राहिली, त्या आठवड्यात यजमानांनी स्वतः डॉक्टरांना घरी बोलावलं आणि बंड्याला कायमचं झोपवलं.

नंतर मीनाताई आल्या, खूप रडल्या. पण "ओढलं का?" हा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही. मुलगा मात्र अजून धुमसतोय. दुसऱ्यांदा केमो का नाही केली, मला न विचारता का ठरवलं, म्हणून. ते कॅलेंडर त्याने पाहिलं नव्हतं. त्याला सुरुवातीपासून सामील करून घ्यायला हवं, हे आता दूरगावी मुलं असलेल्या प्रत्येक घराला मी पहिल्याच भेटीत सांगते. दर रविवारी रात्री व्हिडिओ कॉल लावायचा आणि गुण त्याच्यासमोरच भरायचे.