भांडणातही न थांबणारे कागद

सप्रेम आशीर्वाद.

भारत-पाकिस्तानमधल्या अण्वस्त्रविषयक राजनयाचा अभ्यास कुठून सुरू करावा, असं तू विचारलंस. शिखर परिषदांचे फोटो बाजूला ठेव आणि 1 जानेवारी ही तारीख धर.

एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही, असा करार 31 डिसेंबर 1988 रोजी झाला आणि 27 जानेवारी 1991 पासून लागू झाला. 1992 पासून दर 1 जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबादेत एकाच वेळी याद्या दिल्या-घेतल्या जातात. कारगिल झालं, बालाकोट झालं, मे 2025 मधला संघर्ष झाला. एकही वर्ष चुकलेलं नाही. कारण साधं आहे: मागणीच कमी ठेवली आहे. प्रकल्प कोणता आणि त्याचे अक्षांश-रेखांश काय, एवढंच कळवायचं. तपासणी नाही, निरीक्षक नाहीत, यादी जाहीरही होत नाही. व्याख्या मात्र ऐसपैस आहे: वीज आणि संशोधनाच्या अणुभट्ट्या, इंधननिर्मिती, युरेनियमचं समृद्धीकरण, वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया, किरणोत्सारी पदार्थांचे मोठे साठे. तारापूर त्यात सहज बसतं.

मे 2025 मध्ये पाकिस्तानातल्या किराना टेकड्यांवर, जिथे अण्वस्त्रं साठवली असल्याचं बोललं जातं, मारा झाल्याची आवई उठली. भारतीय हवाई दलाने ती फेटाळली. पाकिस्तानातल्या कुठल्याही अणुकेंद्रातून किरणोत्सर्ग झालेला नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही सांगितलं. अशा वेळी आपण विचारायचा प्रश्न एकच: ती जागा यादीत आहे का? ज्याला उत्तर ठाऊक असतं तो टीव्हीवर येत नाही, हेही लक्षात ठेव.

करार वाचताना काय गाळलंय ते आधी शोध. 3 ऑक्टोबर 2005 च्या करारानुसार बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची सूचना किमान तीन दिवस आधी द्यावी लागते. प्रक्षेपणाची जागा सीमेपासून किंवा नियंत्रण रेषेपासून 40 किलोमीटरच्या आत नको, आणि ते पडण्याचं क्षेत्र 75 च्या आत नको. बॅलिस्टिक म्हणजे उंच जाऊन कमानीसारखं खाली येणारं; विमानासारखं कमी उंचीवरून उडत जाणाऱ्या क्रूझ क्षेपणास्त्रांचा त्यात उल्लेख नाही. भारताच्या ब्राह्मोस या क्रूझ क्षेपणास्त्राची पहिली चाचणी 2001 मधली, पाकिस्तानच्या बाबरची ऑगस्ट 2005 मधली. म्हणजे हे अनवधानाने राहिलेलं नाही. 9 मार्च 2022 रोजी ब्राह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडलं. भारताचं जाहीर निवेदन आलं 11 मार्चला. अण्वस्त्रांच्या अपघातांविषयी 2007 चा करार आहे, पण हे पडलं ते बिनस्फोटकाचं क्रूझ. दोन्ही करारांच्या मधल्या फटीतून ते बरोबर निसटलं. दोन दिवस गप्प राहणं त्या घटनेत खपलं; ऐन लढाईत खपेल असं मी धरून चालणार नाही.

लढाई पेटली की राजदूतांपेक्षा डीजीएमओंची, म्हणजे दोन्ही लष्करांच्या कारवाई-प्रमुखांची, हॉटलाइन कामाला येते. 10 मे 2025 ला पाकिस्तानच्या डीजीएमओंचा फोन दुपारी 3:35 ला आला. 5 वाजल्यापासून जमीन, हवा आणि समुद्रावरची कारवाई थांबवायचं ठरलं. या दोन्ही वेळा भारतीय आहेत. पाकिस्तानचं घड्याळ अर्धा तास मागे चालतं. मसुद्यात वेळ लिहिलीस की ती कुठली, हे त्याच ओळीत लिही. नाहीतर त्या अर्ध्या तासात झालेल्या गोळीबाराला एक जण उल्लंघन म्हणेल, दुसरा नाही म्हणेल, आणि आपापल्या घड्याळाप्रमाणे दोघंही खरे असतील.

आता गृहपाठ. 2005 च्या करारात क्रूझ क्षेपणास्त्रं आणणारं कलम लिही, एका पानात. समुद्रातून आणि विमानातून सोडली जाणारी धरायची की नाही ते आधी ठरव. गाडी तिथेच अडेल. मसुदा पाठव, लाल शाईने परत करतो.