प्रुफं वाचणाऱ्यांनी मॉनिटर घेताना: स्टिकर नको, अक्षर बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. तुम्ही इंदूरला रामबागेत राहता, पुण्याच्या प्रकाशकांची प्रुफं घरूनच वाचता. सध्या २२ इंची फुल एचडी (१९२० × १०८०) मॉनिटर आहे, दिवसभर त्यावर पीडीएफ उघडी असते आणि संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकतं. जेल रोडवरच्या दुकानदाराने २७ इंची, कर्व्ह, फुल एचडी मॉनिटर दाखवला. त्याच्यावर ‘लो ब्लू लाइट’चं स्टिकर आहे, म्हणून तो डोळ्यांना चांगला, असं त्याचं म्हणणं. मुलगा म्हणतो ओलेड घे, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो तो पडदा. वय पंचेचाळीस, चष्मा प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूरचा, मधला आणि जवळचा नंबर), बजेट वीस हजारांच्या आत.

आधी निकाल सांगून टाकतो: तो कर्व्ह नको आणि ओलेडही नको. २७ इंची, २५६० × १४४० पिक्सेल (पडद्यावरचे बारीक ठिपके) म्हणजे क्यूएचडी, साधा सपाट आयपीएस पॅनल (एलसीडी पडद्याचा एक प्रकार), फ्लिकर-फ्री म्हणजे न लुकलुकणारा, उंची वर-खाली करता येणारा स्टँड. रंग, गेमिंग, स्पीकर यांच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता कारण. मॉनिटरचे रिव्ह्यू लिहिणारे बहुतेक लोक दिवसभर देवनागरी वाचत नाहीत, त्यामुळे आपली अडचण त्यांच्या लक्षातच येत नाही. विंडोजमध्ये १०० टक्के स्केलिंगवर (सगळं किती मोठं दाखवायचं ती सेटिंग) बारा पॉइंटच्या अक्षराला उंचीला जेमतेम १६ पिक्सेल मिळतात. रोमन लिपीचं त्यात भागतं. आपल्याला तेवढ्यात रफार, वेलांटी, अनुस्वार, शिरोरेषा, अक्षराचं अंग आणि खाली उकार, असं सगळं कोंबायचं असतं. भ आणि म यांत फरक किती, तर डावीकडे शिरोरेषेला पडलेली एक फट. घ आणि ध यांचंही तेच. ती फट पडद्यावर एखाद्या पिक्सेलची असते, आणि कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून विंडोज तोही पिक्सेल अर्धवट राखाडी करतं. मग ‘भार’ की ‘मार’ हे डोळा बघून ठरवत नाही, वाक्यावरून अंदाज करतो. कादंबरी वाचताना हे चालून जातं. मुद्रितशोधनात तोच तर गुन्हा. ‘हृदय’ आणि ‘ह्रदय’ एकाखाली एक लिहून १०० टक्क्यांवर बघा. खालची खूण दोन्हीकडे एकसारखा डाग दिसते. ‘शुद्ध’ आहे की ‘शुध्द’, हे बघायला तुम्ही दिवसातून कितीदा मान पुढे नेता? कपाळ ठणकायचं निम्मं कारण तिथेच असणार.

म्हणून इंच बघू नका, एका इंचात पिक्सेल किती ते बघा. तुमच्या आत्ताच्या मॉनिटरवर साधारण १०२ आहेत. दुकानदाराच्या २७ इंची फुल एचडीवर जवळपास ८२. म्हणजे पैसे मोजून तुम्ही मागे जाणार. तेच पिक्सेल मोठ्या पडद्यावर पसरलेले, अक्षर मोठं पण जास्त खडबडीत. २७ इंची क्यूएचडीवर १०९ येतात. तिथे स्केलिंग १२५ टक्के ठेवलं की अक्षर आत्तापेक्षा थोडं मोठं दिसतं आणि त्याच बारा पॉइंटला १६ ऐवजी २० पिक्सेल मिळतात. २७ इंची फोर-के (३८४० × २१६०) असेल तर १६३, आणि १७५ टक्क्यांवर त्याच अक्षराला २८ पिक्सेल. अक्षरांच्या बाबतीत फोर-केला तोड नाही, छापील पानाच्या जवळ जाणारं काम आहे. पण दोन अडचणी. जुन्या कॉम्प्युटरचा एचडीएमआय पोर्ट १.४ असेल तर फोर-के सेकंदाला ३० वेळाच ताजं होतं, माउस ओढल्यासारखा चालतो. दुसरी, जुन्या फाइल्ससाठी पेजमेकर हे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर अजून उघडावं लागत असेल तर असली सॉफ्टवेअर मोठ्या स्केलिंगवर धूसर दिसतात. प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन हाय डीपीआयची सेटिंग बदलली की धूसरपणा जातो, पण मग मेनू मुंगीएवढे होतात. म्हणून तुमच्या बजेटात क्यूएचडी हाच सौदा बरा वाटतो.

आणखी एक, फुकटातलं. तुमचा कॉम्प्युटर जुना आहे म्हणालात. मॉनिटर निळ्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेल्या व्हीजीए केबलने जोडलेला आहे का बघा. ती केबल अक्षर मुळातच पुसट करते. मागे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असेल तर आजच बदला, आणि विंडोजच्या सर्चमध्ये क्लिअरटाइप (पडद्यावरची अक्षरं स्पष्ट करणारी विंडोजची सोय) टाइप करून त्याची चार-पाच पानांची जुळणी करून घ्या. कदाचित दोन दिवसांत तुम्ही मला सांगाल की अर्धा त्रास गेला.

आता लुकलुक. बऱ्याच स्वस्त मॉनिटरांत ब्राइटनेस कमी केला की दिवा मंद होत नाही, तो झपाझप बंद-चालू होतो, सेकंदाला दोनशे-अडीचशे वेळा. डोळ्याला ते दिसत नाही, पण काहींचं डोकं त्यानेच धरतं. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली बसल्यासारखं. सगळ्यांना त्रास होतोच असं नाही. फ्लिकर-फ्री म्हणजे यात वीजच कमी-जास्त करून उजेड बदलतात. खोक्यावरच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, दुकानातच तपासा: पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस २० वर आणा, फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड घेऊन शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि फोन इतका जवळ न्या की चौकटीत फक्त पांढरा पडदा येईल. जाड काळे पट्टे दिसले तर तो मॉनिटर परत खोक्यात. फोनमध्ये प्रो मोड नसेल तर पडद्यासमोर पेन्सिल जोरात हलवा. तिची एक सलग पुसट चादर दिसायला हवी, सुट्या सुट्या दहा पेन्सिली दिसता कामा नयेत.

निळ्या प्रकाशाबद्दल स्पष्टच बोलतो. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळे खराब होतात याला आधार नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था कॉम्प्युटरसाठी निळा प्रकाश अडवणारे चष्मे सुचवत नाही, आणि कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यातही असल्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं आढळलं नाही. रात्री उशिरापर्यंत काम असेल तर पडदा पिवळसर केलेला बरा वाटतो, पण त्यासाठी विंडोजचं नाइट लाइट फुकट आहे. स्टिकरचे पैसे कशाला?

ओलेडचं कारण वेगळं. त्यात रंगाचे ठिपके नेहमीच्या पॅनलसारखे ओळीने नसतात, त्यामुळे बऱ्याच मॉडेलांवर अक्षरांच्या कडांना हिरवी-गुलाबी झाक येते. शिवाय दिवसभर तोच टूलबार एका जागी राहिला तर त्याचा ठसा उमटायची भीती. मुलाला म्हणावं, सिनेमासाठी तुझ्या पैशाने घे. आणि २७ इंचांवर कर्व्हचा उपयोग शून्य. पानाचा समास सरळ आहे का हे बघणाऱ्या माणसाला वाकडा पडदा कशाला?

चष्मा मात्र मॉनिटरच्याही आधी. प्रोग्रेसिव्हमध्ये मधल्या अंतराचा भाग अरुंद असतो, त्यामुळे पडदा नीट दिसावा म्हणून माणूस नकळत हनुवटी वर करून बसतो. मान, खांदे आणि कपाळ धरतं ते त्याने. टेपने डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा, साठ-सत्तर सेंटिमीटरच्या आसपास निघेल. तो आकडा घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि फक्त त्या अंतराचा, एकाच नंबरचा वेगळा चष्मा मागा. तोवर पडदा खाली घ्या. वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या बरीच खाली असली तरी चालेल. म्हणूनच उंची बदलणारा स्टँड हवा म्हटलं. बाकीच्यांसाठी ‘मॉनिटरखाली दोन पुस्तकं ठेवा’ हा सल्ला ठीक, प्रोग्रेसिव्हवाल्यांसाठी तो उलटा पडतो.

मॉनिटर कुठलाही असो, कंपनी तो दुकानात झगझगीत दिसावा अशाच सेटिंगवर पाठवते. घरी आणल्यावर एक कोरा कागद पडद्याशेजारी धरा आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. दिवसा एक, रात्री एक. खिडकी पाठीमागे नको, समोरही नको, बाजूला हवी. काळ्या पानावर पांढरी अक्षरं हा डार्क मोड, सिलिंड्रिकल नंबर असेल तर तुम्हाला जमणार नाही. अक्षरं पसरतात आणि अनुस्वार पहिले हरवतात.

चुरचुरण्याचं मुख्य कारण तर पडदा नाहीच. एरवी आपण मिनिटाला पंधरा-एक वेळा पापणी मिटतो, पडद्यासमोर ते निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे, कोरडी हवा आणि थेट तोंडावर येणारा कूलर. कूलरची झडप दुसरीकडे वळवा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडचं काही बघायचं, हा सल्ला ऐकलाच असेल. प्रुफात तल्लीन झाल्यावर कुणाला आठवतंय. त्यापेक्षा दर दोन-तीन पानांनंतर उठून गॅलरीत जायचं ठरवलंत तर जमेल.

ऑनलाइन दोन पैसे स्वस्त मिळेल, पण तुम्ही जेल रोडवरूनच घ्या, कारण तिथे लावून बघता येतो. पेन ड्राइव्हवर तुमच्याच प्रुफाची दोन पानं न्या, ती १०० आणि १२५ टक्क्यांवर उघडायला सांगा. दुकानदार त्याचा चमकदार डेमो व्हिडिओ लावेल, तो बंद करायला लावा. मॅट पडद्यावर पांढऱ्या भागात रवाळ चमक दिसते का तेही बघा, काही मॉडेलांत ती फार असते. बिल पक्कं घ्या. मॉनिटरवर जीएसटी १८ टक्के आहे, तो धरूनच भाव विचारा, नाहीतर बोलणं एका आकड्यावर होतं आणि बिल दुसऱ्याच आकड्याचं निघतं. वॉरंटी घरी येऊन देणार की मॉनिटर सर्व्हिस सेंटरला आपण न्यायचा, आणि किती पिक्सेल मेले तर बदलून मिळेल, हे बिलाआधी विचारा. खोका आणि आतलं थर्मोकोल महिनाभर माळ्यावर असू द्या, बदलून घ्यायची वेळ आली तर त्याच्याशिवाय कुणी हात लावत नाही.